एकतीस डिसेंबर नसलेलं वर्ष

त्यांच्या घरून निघताना कुणी "येतो परवा-तेरवा" असं म्हटलं, की ते दाराची कडी हातात धरून उभे राहत आणि विचारीत, "कधीपासून, कधीपर्यंत?" समोरचा हसे. ते हसत नसत. दोन तारखा मिळाल्याशिवाय दार उघडत नसे. मी एकदा वैतागून म्हणालो, "आयुष्यभर." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ही तारीख नव्हे, सार." 'सर'चं इथे 'सार' होतं.

ते आमच्या वधूवर मंडळाचे सेक्रेटरी. चेन्नईतल्या मराठी कुटुंबांचं हे मंडळ. त्यात दोन तऱ्हेचे लोक. एक, तंजावरकडचे, पिढ्यान् पिढ्या इथेच असलेले. दुसरे, माझ्यासारखे नोकरीनं महाराष्ट्रातून आलेले. मी केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात. बदली होऊन आलो, इथल्याच तंजावरच्या घरातली मुलगी केली आणि राहिलो. सेक्रेटरी बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले. तिरुवल्लिकेणीत, ब्रह्मचाऱ्यांच्या मॅन्शनांच्या, म्हणजे लॉजांच्या, मागच्या गल्लीत त्यांचं घर. पुढच्या खोलीत मंडळाचा कॉम्प्युटर. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायचं नाही. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्याला गंध, कुंकू, झेंडूची माळ. एरवी त्याच्यावर मामींच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा पांघरलेला असे. मामी म्हणजे त्यांची पत्नी. त्या मला एकदा हळूच म्हणाल्या होत्या, "साडी फाटली नव्हती हो."

त्यांची मराठी तंजावरची, जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी. मध्येच तमिळचा एखादा शब्द खड्यासारखा लागायचा. माझ्या मराठीविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं. "तुमची मराठी बाजारांत फार फिरली, सार," असं ते माझ्या तोंडावर म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे. मला त्यांच्या कॉम्प्युटरविषयीच्या अहंकाराचा राग यायचा, आणि तो का यायचा ते पुढे येईलच.

तारीख लिहायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, हा त्यांचा धर्म होता. दूधवाल्याच्या कार्डावरही तसंच. मुलाच्या लग्नपत्रिकेवरही त्यांनी तसंच छापलं. तंजावरचे एक वयस्कर नातेवाईक महिना आणि दिवस उलटे वाचून तीन महिने आधीच कल्याणमंडपाच्या दाराशी पिशवी घेऊन हजर झाले. आत कुणा भलत्याचंच लग्न चाललं होतं. ते बिचारे जेवून परतले. सेक्रेटरींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चूक त्यांची. वर्ष आधी आलें कीं मागचें सगळें आपोआप रांगेंत बसतें." म्हातारा तीन महिने आधी येऊन बसला याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

दुसरा धर्म राहुकाळाचा, म्हणजे रोजच्या अशुभ दीड तासाचा. राहुकाळात ते टाइप करीत, पण एंटर दाबत नसत. बोट वर उचलून ठेवीत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसत. कुणी विचारलं तर म्हणत, "लिहिण्याला दोष नाही. सुरुवातीला दोष आहे."

मंडळाचं काम त्यांच्याआधी एक गृहस्थ हातानं करीत. त्यांच्या रजिस्टरात जन्मतारखेला एक खाना आणि जन्मवेळेला दुसरा. पत्रिका जुळवायची तर वेळ लागतेच. सेक्रेटरींनी सूत्रं हाती घेतल्यावर सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि दोन्ही खाने मिळून एक केला. तारीख आणि वेळ एकत्र, मिनिटासकट. त्या सभेत त्यांनी केलेलं भाषण मला अजून आठवतं. "माणसाचा जन्म एकदांच होतो. मग खाने दोन कशाला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ऐकायला बरं वाटलं होतं.

आम्ही मुलीचं नाव नोंदवायला गेलो तेव्हा माझ्या बायकोनं जन्मवेळ 'सकाळी' अशी सांगितली.

"सकाळीं म्हणजे किती?"

"सकाळी म्हणजे... दवाखान्यात इडल्या वाटत होते तेव्हा."

"इडलीला वेळ नसतो, अम्मा. घड्याळाला असतो."

आम्हाला परत पाठवलं. बायकोनं माळ्यावरची पेटी काढून दवाखान्याचं कार्ड शोधलं. एकतीस डिसेंबर, सकाळी आठ वाजून वीस मिनिटं. ते त्यांनी तीनदा वाचलं, मोठ्यानं उच्चारत टाइप केलं, मान डोलावली आणि मामींना कॉफी आणायला सांगितलं. अचूकपणाचं बक्षीस म्हणून त्यांच्या घरी कॉफी मिळायची. अंदाजानं बोलणाऱ्याला पाणी.

आता त्यांच्या 'पट्ट्या'विषयी सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. कॉम्प्युटरला प्रश्न विचारायची जी भाषा असते, तिच्यात एक सोय आहे. वरती 'विथ' असं लिहून आधी एक तात्पुरता तक्ता बांधायचा, त्याला नाव द्यायचं, आणि मग खाली त्या तक्त्याकडून हवं ते मागायचं. सेक्रेटरी त्या तक्त्याला पट्टा म्हणत. अमुक वर्षाच्या एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत जन्मलेल्या मुली, हा एक पट्टा. मग त्यातून शिक्षण, गोत्र, उंची वगैरे चाळायचं. एका वर्षाला एक पट्टा, हा नियम. मुलाकडच्यांना तीन वर्षांतल्या मुली हव्या असतील तर तीन पट्टे बांधून शेवटी जोडायचे. मंडळातल्या एका तरुणानं एकदा सुचवलं, "मामा, तिन्ही वर्षं एकाच ओळीत येतील की."

"येतील. घाणेरडीं येतील."

यादी काढायची तर पट्ट्यातून. कुणाचं लग्न ठरलं आणि नाव काढायचं, तर तेही पट्ट्यातूनच. एखाद्याची नोंद नुसती पाहायची असेल तर ते नोंदणी क्रमांक घालून दाखवीत. पण बदल करायला पट्ट्याशिवाय हात लावत नसत. मला सगळ्यात जास्त खटकायचं ते त्यांचं तो पट्टा मोठ्यानं म्हणणं. स्तोत्र म्हणावं तसं. "विथ... कंस उघडला... पासून... पर्यंत... कंस मिटला." डोळे अर्धे मिटलेले. मी आयुष्यभर आकड्यांत काम केलं, पण बेरीज करताना कधी गायलो नाही.

मंडळाचा एक रिवाज होता. मुलींची यादी फक्त मुलाकडच्यांना जायची आणि मुलांची यादी मुलीकडच्यांना. आपल्या मुलीचं नाव कुठल्या यादीत, कसं छापलंय हे मुलीच्या बापाला कधी दिसत नसे. मर्यादा म्हणून ठेवलेला रिवाज. त्यामुळे आम्हाला मुलांच्या याद्या येत राहिल्या, आणि मुलाकडून फोन मात्र एकही आला नाही.

एकही नाही. पहिल्या वर्षी आम्ही फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी बायकोनं मुलीचा फोटो बदलला, चष्मा काढून. तिसऱ्या वर्षी नवीन फोटोत साडी. मग बायको लग्न जमावं म्हणून जिथे जोडीनं माळा वाहतात त्या देवळांच्या फेऱ्या करू लागली. नातेवाईक आडून विचारू लागले, "काही दोष वगैरे आहे का पत्रिकेत?" मुलगी श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. पहाटे कंपनीच्या बसनं जायची, संध्याकाळी परत. सुरुवातीला ती थट्टा करायची, "अम्मा, माझा फोटो चेन्नईभर फिरतोय, बसमधल्या बायकाही ओळखतील आता." पुढे पुढे थट्टा बंद झाली. घरात फोन वाजला की तिची आई हातातलं टाकून धावायची आणि मुलगी उठून आत जायची. हे बघणं फार वाईट होतं. आपल्या मुलीला न पाहताच लोक नको म्हणताहेत, असं आम्ही तिघांनीही धरून घेतलं होतं.

सेक्रेटरींना मी दर वर्षी विचारी. ते म्हणत, "यादी गेली आहे, सार. योग यायला हवा." एकदा त्यांनी मला समजावणीच्या सुरात सांगितलं, की हल्ली मुलाकडचे मुलगी घरापासून किती लांब नोकरीला जाते तेही पाहतात. म्हणजे दोष तिच्या बसचा.

मग माझ्या मेहुण्यानं आपल्या मुलाचं नाव मंडळात घातलं. मुलींची यादी त्याच्या घरी आली. मुलगा आमच्या मुलीहून वर्षभरानं मोठा, तेव्हा तिच्या जन्मवर्षाचा पट्टा त्यात असणारच. माझी बायको तिथे गेली होती. तिनं यादी हातात घेतली, आधी मुलीचं नाव शोधलं, मग पुन्हा शोधलं. घरी आली ती यादी पिशवीत घालूनच.

"अहो," ती म्हणाली, "आपली पोर ह्यांत नाहीच."

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि यादी वाचली. मला सवय आहे. नावं वाचायच्या आधी मी तारखा वाचतो. डिसेंबरात जन्मलेल्या मुली होत्या. एकोणतीसची होती, तीसची होती. मागच्या-पुढच्या वर्षांच्या पट्ट्यांतही तसंच. एकतीस डिसेंबरची एकही नाही. मी ज्या खात्यात काम करतो तिथे वर्षाचा, म्हणजे आर्थिक वर्षाचा, शेवटचा दिवस हा सगळ्यात गर्दीचा दिवस. तो रिकामा दिसला की आम्ही आधी कागदांचं कपाट सीलबंद करतो आणि मग माणसाला बोलावतो.

रविवारी चारच्या सुमारास मी आणि मुलगी त्यांच्या घरी गेलो. मी बायकोला नेलं नाही. ती त्यांना काय बोलली असती याचा मला भरवसा नव्हता. सेक्रेटरींनी यादी चाळली, भिवया वर केल्या.

"नाव नाही? असें होणें शक्य नाही." त्यांनी क्रमांक घालून नोंद उघडली. "हें बघा. आहे. फोटो आहे, गोत्र आहे, वेळ मिनिटासकट आहे. मी स्वतः भरलें."

"मग यादीत का नाही?"

"मशीनला लाज नाहीं, भीड नाहीं. तें खोटें बोलत नाहीं."

"पट्टा दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी तो म्हणून दाखवला. कंस उघडला, कंस मिटला. माझी मुलगी त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होती. ती म्हणाली, "मामा, शेवटची तारीख एकतीस डिसेंबर. तिच्यापुढे वेळ लिहिलेली नाही."

"तारखेला वेळ कशाला?"

"वेळ लिहिली नाही तर मशीन किती धरतं?"

"शून्य तास, शून्य मिनिटें," ते लगेच म्हणाले. वर्गात हुशार मुलगा उत्तर देतो तसे.

मी म्हणालो, "म्हणजे तुमचं वर्ष एकतीस डिसेंबर सुरू होताक्षणी संपतं. ही आठ वाजून वीस मिनिटांनी जन्मली. तोवर तुमचं दुकान बंद."

कळलं होतं त्यांना. मी बघितलं, मान किंचित खाली गेली होती. जुन्या रजिस्टरात तारीख वेगळी आणि वेळ वेगळी होती तेव्हा ही मुलगी हरवली नसती. ह्यांनी मोठ्या अभिमानानं खाने एक केले आणि पट्टा मात्र जुन्या तारखेचाच ठेवला. सबंध वर्षातला एक दिवस, दर वर्षी, कात्रीनं कापल्यासारखा बाहेर. त्या क्षणी ते 'चुकलें' एवढं म्हणाले असते, तर हा लेख मी लिहिला नसता.

ते म्हणाले, "पट्टा बदलतां येणार नाहीं."

"का?"

"आतां बदलला तर आजवर गेलेल्या सगळ्या याद्या चूक ठरतील."

"त्या चूकच आहेत, साहेब."

"लोकांना कळवावें लागेल."

"मग कळवा. हिच्यासारख्या आणखी असतील."

"एकतीस डिसेंबरला फार कोण जन्मत नाहीं, सार."

मग ते विचार करून, मला मोठी सवलत दिल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "असें करूं. हिची तारीख तीस करूं. वेळ तीच. एका दिवसानें काय होतें?"

इडलीला वेळ नसतो म्हणून आम्हाला परत पाठवणारा हाच माणूस.

"आणि नक्षत्र?" मुलीनं विचारलं.

"नक्षत्र मी सांभाळतों."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी मी तिला तसं हसताना पाहिलं. "मामा, अम्मानं पेटी उपसून ती वेळ आणली होती तुमच्यासाठी. मी माझा वाढदिवस बदलणार नाही. तुम्ही माझं नाव काढून टाका."

"काढून?"

"काढून. मला नको ही यादी."

ते दुखावले. मंडळातून नाव काढणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं समाजातून बाहेर जाणं. पण त्यांनी निमूट टाइप केलं, नेहमीप्रमाणे वर 'विथ', मग पट्टा, मग खाली तिचं नाव काढायचा हुकूम. बोट एंटरवर गेलं आणि थांबलं. साडेचार वाजून गेले होते. रविवारचा राहुकाळ सहापर्यंत.

आम्ही बसून राहिलो. निघून जाऊ शकलो असतो, पण मुलगी उठेना, म्हणून मीही बसलो. मामींनी कॉफी आणली. त्या दिवशी ती मला का मिळाली कोण जाणे. मुलीच्या पाठीवरून हात फिरवून त्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझाही वाढदिवस ह्यांच्या लक्षांत नसतो." सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होते. बाहेर मॅन्शनमधले तरुण समुद्रावर फिरायला निघाले होते, त्यांचा गलका ऐकू येत होता. सहाचा ठोका पडला तसं त्यांनी एंटर दाबलं.

स्क्रीनवर उत्तर आलं. शून्य नोंदी काढल्या.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा शून्य. अर्थात. ज्या पट्ट्यात ती सापडत नव्हती, त्याच पट्ट्यातून ते तिला काढायला निघाले होते.

"नंबर घालून काढा ना, मामा," मुलगी म्हणाली.

"पट्ट्याबाहेर मी कांहीं काढत नाहीं," ते म्हणाले. आवाज मात्र आता स्तोत्राचा राहिला नव्हता.

आम्ही निघालो. दाराशी त्यांनी कडी धरली नाही, तारीखही विचारली नाही.

परतीच्या वाटेवर मुलगी मला म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं मला वाटत होतं की लोकांनी मला बघून नको म्हटलं." जे ओझं तिनं एवढी वर्षं उचललं ते कुणाचंच नव्हतं, हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. मला नुसता संताप येत होता.

पुढचं थोडक्यात. कारखान्यातल्याच एका मुलाशी तिनं स्वतः लग्न ठरवलं. कांचीपुरमकडचा मुलगा, तमिळ, शांत. माझ्या बायकोनं आठवडाभर तोंड फिरवून ठेवलं आणि मग त्याला पुरणपोळी आवडते हे कळल्यावर फिरवलेलं तोंड सरळ केलं. लग्नाला सेक्रेटरींना बोलावलं, कारण न बोलावणं मला जमलं नाही. ते जरीकाठी वेष्टी नेसून आले, पत्रिकेवर दिवस आधी आणि वर्ष शेवटी छापलंय म्हणून मला बाजूला घेऊन समज दिली, पंक्तीत व्यवस्थित जेवले. पायसम दुसऱ्यांदा घेता घेता म्हणाले, "एक सांगतों, सार. मंडळाच्या नोंदीप्रमाणें तुमची मुलगी अजून अविवाहित आहे."

मी म्हणालो, "मग आज हे जेवण कशाचं?"

"मी नोंदीचें बोलतों," ते म्हणाले आणि पान मिटलं.

त्या वर्षीच्या आयुधपूजेनंतर मंडळाची नवी यादी निघाली. मेहुण्याच्या मुलाचं अजून जमायचं होतं, म्हणून ती त्याच्याकडे आली आणि त्यानं आम्हाला आणून दाखवली. सगळे पट्टे जिथल्या तिथे, तसेच. पट्ट्याला त्यांनी हात लावला नव्हता. फक्त शेवटच्या पानावर एक नवीन, वेगळा पट्टा जोडला होता, 'वर्षअखेर' अशा मथळ्याचा. खुलासा नाही, दिलगिरी नाही. त्यात एकतीस डिसेंबरला जन्मलेल्या मुली, निरनिराळ्या वर्षांच्या, एकाखाली एक. फार कोण जन्मत नाही म्हणाले होते. पानाचा बराच भाग भरला होता. आणि सगळ्यांत वर माझी मुलगी. साडीतला, चष्म्याशिवायचा फोटो, गोत्र, जन्मवेळ आठ वीस. अविवाहित.

दोनच दिवसांनी आमच्याकडे फोन वाजला. मी पेपर वाचत होतो. बायकोनं सवयीनं धावत जाऊन घेतला. पलीकडची बाई मोठ्यानं बोलत होती, मला ऐकू येत होतं. मंडळाच्या यादीत तुमच्या मुलीचं नाव पाहिलं, फोटो फार आवडला, पत्रिका पाठवाल का.

मी हातानं खूण केली, की सांगून टाक आणि ठेव. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्ची ओढून घेतली, नीट बसली, पदर सावरला.

"हो का? बरें बरें," ती म्हणाली. "मुलगा काय करतो तुमचा?"

तिनं सगळं विचारलं. नोकरी, गाव, उंची, भावंडं किती, स्वयंपाकात काय आवडतं. पलीकडची बाई आनंदानं सांगत होती. मी पेपर खाली ठेवला होता. शेवटी बायको म्हणाली, "छान स्थळ आहे हो. पण आमच्या मुलीचें लग्न झालें." आणि फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

त्या आठवड्यात असे फोन बरेच आले. तिनं प्रत्येक वेळी मुलगा काय करतो ते आधी विचारलं.